बोराडेबाईंचे दुसरे मेण

आमच्या डॉक्टर मंडळींच्या यंदाच्या स्मरणिकेत डॉ. सबनीस यांनी कै. विमल बोराडे यांच्यावर दोन पाने लिहिली आहेत. सबनीस शल्यचिकित्सक आहेत, माझे चाळीस वर्षांचे स्नेही आहेत आणि त्यांचा हात अत्यंत हलका आहे, हे मी कोणासमोरही मान्य करीन. परंतु त्या दोन पानांत बाईंच्या नावाखेरीज बरोबर असे मला काही सापडले नाही. बाई 'साध्याभोळ्या' होत्या, 'फारशा शिकलेल्या नव्हत्या', त्यांच्याकडून 'अजाणतेपणी' एक चूक घडली, ती यंत्राने पकडली आणि भर सभेत त्यांनी 'डोळ्यांत पाणी आणून' ती कबूल केली, असा त्या लेखाचा मजकूर आहे. शेवटी एक वाक्य आहे : 'त्या कसोटीच्या वेळी त्यांचे जुने सर वडीलधाऱ्यासारखे त्यांच्या पाठीशी उभे राहिले.' हे जुने सर म्हणजे मी. या वाक्याचा समाचार मी यथावकाश घेणार आहे, कारण साऱ्या लेखात सर्वांत खोटे तेच आहे.

बाई आज असत्या तर मला लेखणी उचलावी लागली नसती. त्यांनी स्वतःच सबनीसांना फोन केला असता आणि सबनीसांनी तो उचलल्याचा पश्चात्ताप केला असता.

प्रथम शिक्षणाचे पाहू. बाईंनी शास्त्र शाखेतून बारावी केली होती आणि लग्नानंतर, मांडीवर मूल असताना, प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका घेतली होती. मखमलाबादच्या पुढे त्यांचा मळा. झेंडू, शेवंती, थोडी मेथी-कोथिंबीर. पहाटे नवऱ्याबरोबर फुलबाजारात क्रेट उतरवायचे आणि नऊच्या ठोक्याला माझ्या प्रयोगशाळेत हजर व्हायचे, हा त्यांचा एकतीस वर्षांचा क्रम. त्यामुळे त्यांच्या अंगाला शेवंतीचा वास असे आणि अकराच्या सुमारास त्यावर झायलीनचा वास चढे. झायलीन म्हणजे आम्ही मेण धुऊन काढायला वापरतो तो द्रव. त्या दोन वासांचे मिश्रण जगात अन्यत्र कोठे असेल असे मला वाटत नाही.

त्यांचे काम काय होते, हे सामान्य वाचकाला सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ मऊ असते. तिचा केसाहून पातळ काप काढता येत नाही. म्हणून तिच्यातले पाणी काढून त्या जागी वितळलेले मेण मुरवतात. हे मेण पॅराफिनचे. ते थंड झाले की गाठ मेणाच्या वडीत बसते. या वडीला आम्ही ब्लॉक म्हणतो. मग मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्या ब्लॉकचे पातळ काप काढायचे. चांगल्या हाताखाली ते एकाला एक जोडून फितीसारखे बाहेर येतात. ही फीत कोमट पाण्यावर तरंगवायची, काचेवर घ्यायची, रंगवायची, आणि मग माझ्यासारख्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ती गाठ साधी की कर्करोगाची हे सांगायचे. लोकांना वाटते, निदान डॉक्टर करतो. फीत तुटली तर डॉक्टर काहीही करत नाही, नुसता चरफडतो.

बाईंची फीत तुटत नसे. पाणी पुरेसे कोमट आहे की नाही हे त्या करंगळीच्या मागच्या बाजूने पाहत. थर्मामीटर होते. परंतु त्या आधी करंगळी बुडवीत, आकडा सांगत आणि मग थर्मामीटर पाहत, थर्मामीटर ठीक चालते आहे ना याची खात्री करायला.

नमुन्यांना आम्ही क्रमांक देत असू. बाई क्रमांक लिहीत, पण बोलताना कधी उच्चारत नसत. 'दिंडोरीची झाली', 'घोटीची मुरतीय अजून', 'सिन्नरची उद्या कापते', असे त्यांचे चाले. मी एकदा त्यांना शिस्तीवर व्याख्यान दिले. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "सर, डबी आली म्हंजे कोणीतरी बाहेर बाकड्यावर बसलंय. नंबर बाकड्यावर बसत नाय." मी विषय बदलला.

सबनीसांनी एकदा एक भली मोठी गाठ अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबून पाठवली होती. नमुना टिकवायच्या फॉर्मलिनमध्ये गाठ रात्रभरात कडक होते. सकाळी ती बाटलीतून निघेना. बाईंनी सबनीसांना फोन लावला.

"डॉक्टर, तुम्ही ही घालताना कशी घातली तेवढं सांगा. तशीच काढते."

स्मरणिकेत सबनीस लिहितात की हे ऐकून ते खळखळून हसले. मी शेजारी उभा होतो. त्यांनी फोन आपटला, आणि पुढच्या आठवड्यात रुंद तोंडाच्या दोन डझन बरण्या विकत घेतल्या.

दसऱ्याला बाई मायक्रोटोमची पूजा करीत. शेतकरी विळ्या-कोयत्याची करतो, मग आपण का नाही, असा त्यांचा सरळ हिशेब. यंत्राला हळद-कुंकू, पात्याला गंध आणि झेंडूचा हार घरच्या मळ्यातला. एका वर्षी नेमका दुसऱ्या दिवशी मुंबईहून कंपनीचा इंजिनिअर देखभालीला आला. त्याने यंत्र उघडले आणि आतले तांबडे चूर्ण पाहून माझ्याकडे गंभीर चेहऱ्याने आला. "सर, हेवी कोरोझन आहे. पार्ट बदलावा लागेल." बाईंनी ओला बोळा फिरवून गंज पुसून दाखवला. "हे कुंकू हाय, दादा. तुमच्या मुंबईत मिळतं का?" त्याने बिल न करता चहा घेतला आणि निघताना स्वतःच्या पेटीलाही एक टिकली लावून घेतली. इथेही सबनीस चुकले आहेत. त्यांनी हा प्रसंग दिवाळीत घातला आहे.

आता घोटीच्या रुग्णाचा प्रसंग. सबनीस त्यात माझ्या 'तीक्ष्ण नजरे'चे कौतुक करतात. रुग्ण त्यांचीच होती. छातीत वाटाण्याएवढी गाठ. मी काच पाहिली, काही आढळले नाही, आणि 'दोषरहित' असे लिहून पेनाचे टोपण लावले. दहा मिनिटांनी बाई दुसरी काच घेऊन आल्या आणि काही न बोलता माझ्यापुढे ठेवली.

"हे काय?"

"तीच. जरा खालची."

"मी मागितली होती का?"

"नाय. कापताना पातं करकरलं. साधी गाठ करकरत नाय."

मी काच लावली. खालच्या थरात कर्करोग होता. छोटा, पण निःसंशय. मी अहवाल फाडला आणि दुसरा लिहिला. ती घोटीची स्त्री पुढे अनेक वर्षे तपासणीला येत होती आणि येताना आमच्यासाठी तांदूळ आणत होती. तो तांदूळ मी खाल्ला आहे. तीक्ष्ण नजर मात्र माझी नव्हती. ती एका पात्याच्या आवाजात होती, आणि तो आवाज मला ऐकूच आला नव्हता.

बाई निवृत्त झाल्या, मागोमाग मीही प्रयोगशाळा बंद केली. पण ब्लॉक टाकून देता येत नाहीत आणि द्यायचेही नसतात. मेणातली गाठ वर्षानुवर्षे जशीच्या तशी राहते. कपाटेच्या कपाटे भरलेले ते ब्लॉक कुठे ठेवावेत, या विवंचनेत मी असताना डॉ. कौमुदी माझ्या इंदिरानगरच्या घरी आली. ती डॉक्टर खरी, पण पदार्थविज्ञानाची. शहरातल्या एका महाविद्यालयात शिकवायची. तिला माझे जुने ब्लॉक संशोधनासाठी हवे होते.

तिचा विचार असा होता. गाठीच्या कापावर डोळ्यांना न दिसणारा, उष्णतेचा प्रकाश टाकायचा. प्रत्येक पदार्थ त्यातला आपापला वाटा शोषून घेतो, आणि त्याचा आलेख काढला तर कागदावर टेकड्या उमटतात. कर्करोगाच्या पेशींच्या टेकड्या निरोगी पेशींहून वेगळ्या असतात. हा फरक संगणकाला शिकवला, की रंग नको, फीत पारखणे नको. "आणि सर, तुमच्या डोळ्यांचीही गरज नाही," असे ती मला माझ्याच घरात, माझाच चहा पीत म्हणाली. त्या क्षणी ती मला आवडली.

अडचण होती मेणाची. मेणाच्याही टेकड्या उमटतात, आणि त्या चांगल्या उंच असतात. पेशींच्या बारीक टेकड्या त्यांच्या आड जातात. मेण झायलीनने धुवावे, तर सारे निघत नाही आणि पेशींतली स्निग्धता मात्र त्याबरोबर वाहून जाते. म्हणून कौमुदीने मेण काचेवर तसेच ठेवून ते गणिताने काढायचे ठरवले. शुद्ध पॅराफिनचा आलेख घ्यायचा, कापाच्या प्रत्येक बिंदूत त्याचा वाटा किती हे शोधायचे आणि तेवढा वजा करायचा. मैफलीच्या ध्वनिफितीतून तंबोरा काढून टाकावा आणि गाणे तेवढे उरावे, तसे.

दोन वर्षांनी तिने महाविद्यालयाच्या सभागृहात आपले निष्कर्ष मांडले. ब्लॉक बाईंच्या हातचे, म्हणून त्यांना अगत्याने बोलावले होते. पहिल्या रांगेत मी, माझ्या डाव्या हाताला बाई, उजव्या हाताला सबनीस. ही बैठकव्यवस्था महत्त्वाची आहे. सबनीसांनी जे पाहिले असे ते लिहितात, ते मी त्यांच्यापेक्षा जवळून पाहिले.

पडद्यावर दोन रेषा आल्या. कौमुदी म्हणाली, "मेण पूर्ण वजा केल्यावर कर्करोगाच्या नमुन्यांत इथे एक लहान टेकडी उरते. निरोगी नमुन्यांत ती नाही. आमचा संगणक मुख्यतः हिच्यावरून ओळखतो." टाळ्या पडल्या. पुढचा टप्पा म्हणून हे यंत्र सुरगाण्याकडच्या शिबिरांत न्यायचे आहे, असेही तिने सांगितले.

बाई हात वर करून उभ्या राहिल्या.

"मॅडम, मेण वजा केलं म्हणता. कुठलं?"

"पॅराफिन, ताई. तुमच्या लॅबमध्ये यायचं त्याच प्रतीचं."

"आन दुसरं?"

"दुसरं कोणतं?"

"बाई," सबनीस माझ्या अंगावरून वाकून मोठ्याने म्हणाले, "दिवाळीच्या पणत्यांतलं नव्हे. प्रयोगशाळेतलं मेण."

सभागृह हसले. मीही हसलो, हे येथे नमूद करतो. बाई खाली बसल्या. भर सभेत जी कबुली दिल्याचे लिहिले आहे, ती एवढीच. डोळ्यांत पाणी नव्हते. नंतर अल्पोपाहारात त्यांनी दोन समोसे खाल्ले आणि चटणी पाणचट असल्याचे मला सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता त्या माझ्या दारात उभ्या होत्या. हातात वर्तमानपत्रात बांधलेला पुडा. तो त्यांनी टीपॉयवर सोडला. आत पिवळसर, मुठीएवढा गोळा होता. खोलीत मधाचा मंद वास पसरला.

"हे पोळ्याचं मेण, सर. मधमाशीचं. पेठकडच्या एक मावशी बाजारात मध घेऊन यायच्या, त्यांच्याकडनं घ्यायचे मी."

"कशाला?"

"कडक, करकरीत गाठ नुसत्या पॅराफिनमधी नीट कापली जात नाय. फीत तुटती. वाटीभर पॅराफिनला चमचाभर हे टाकलं की चिकटपणा येतो. मग कशी लोण्यासारखी निघती."

"हे कधीपासून चालू होते?"

"दुसऱ्या वर्षापासनं."

मी खुर्चीत बसलो. तीस वर्षे माझ्या प्रयोगशाळेत, माझ्या नाकाखाली, माझ्या परवानगीशिवाय मध विकणाऱ्या बाईचे मेण चालले होते.

"आणि तुम्ही मला सांगितले नाही?"

"तुम्ही विचारलं नाय. आलेल्या पाहुण्याला तुम्ही माझी फीत दाखवायचे, 'असे सेक्शन पुण्यात होत नाहीत' म्हणायचे. मग मी कशाला मधी बोलू?"

"सगळ्याच ब्लॉकमध्ये घालत होतात?"

"नाय नाय. एवढं मेण कुठनं आणणार? जिला हात लावला की शंका यायची, तिलाच. बाकीच्यांना साधं."

मला कळायला थोडा वेळ लागला आणि कळले तेव्हा माझा चहा थंड झाला होता. मधमाशीच्या मेणात पॅराफिनमध्ये नसलेला एक घटक असतो. त्याची टेकडी नेमकी कौमुदीच्या त्या लहान टेकडीच्या जागी उमटणार. पॅराफिन वजा झाले, हे मागे उरले. आणि हे होते कुठे? बाईंच्या बोटांना ज्या गाठीची शंका आली तिच्यात, म्हणजे बहुतेक वेळा कर्करोगाच्या गाठीत. संगणक दोन वर्षे मन लावून शिकला होता ते कर्करोग ओळखायला नव्हे. तो बोराडेबाईंची शंका ओळखायला शिकला होता.

आता ते वाक्य. 'जुने सर वडीलधाऱ्यासारखे पाठीशी उभे राहिले.' जुने सर उभे राहिले नाहीत. जुने सर बसूनच होते, आणि म्हणाले, "जाऊ द्या, बाई."

मी हे शब्द उच्चारले. त्या पोरीची दोन वर्षे वाया जातील, असे मी म्हणालो. तुमच्या चोख कामाचे नाव खराब होईल, असे म्हणालो. माझ्या प्रयोगशाळेचे नाव खराब होईल, हे म्हणालो नाही, पण मनात पहिले तेच आले होते.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नव्हे. फितीला मध्येच एक भोक दिसले की त्या जसे बघत, तसे.

"सर, मॅडम ती मशीन सुरगाण्याला नेणार हायत."

"हो."

"तिथल्या बाईच्या गाठीत माझं मेण नसंल. मग मशीन तिला काय सांगंल?"

मी थंड चहाचा कप उचलून पुन्हा खाली ठेवला.

"तुला काही नाय, घरी जा. असंच ना?" त्यांनी पुडा पुन्हा बांधला. "गाडी काढताय का मी रिक्षा करू?"

मी गाडी काढली. पाठीशी उभे राहणे म्हणायचे असेल तर एवढेच. वाटेत त्यांनी मला सिग्नल तोडल्याबद्दल बोलूनही घेतले.

कौमुदीने सारे ऐकले आणि साहजिकच विश्वास ठेवला नाही. ती शास्त्रज्ञ होती, तिला पुरावा हवा होता. तिने टेबलाच्या खणातून एक यादी काढली. संगणक जिथे चुकला होता, त्या ब्लॉकची. साध्या असून त्याने कर्करोगाच्या ठरवलेल्या काही गाठी. "यांचं काय, ताई? यांच्यात का चुकलं असेल?"

बाईंनी ते ब्लॉक मागवून घेतले आणि एकेक उचलून खिडकीकडे धरला.

"ही ओझरची. लय कडक होती, मला वाटलं झालं. पण सरांनी साधी म्हणून सांगितली. ही निफाडची, हिनंबी मला फसवलं. आन ही..." त्यांनी तो ब्लॉक खाली ठेवला. "मॅडम, तुमची मशीन जिथं चुकली तिथं मीच चुकलेय. तिनं माझंच पाहून लिहिलंय. शाळेत पोरं लिहितात तसं. शेजारचीची चूकबी उतरवून घेतली."

कौमुदी हसली नाही. तिने एक निरोगी ब्लॉक निवडला. संगणकाने निरोगी म्हणून बिनचूक ओळखलेला. बाईंनी तो वितळवला, तीच गाठ आपल्या मिश्र मेणात पुन्हा मुरवली, गार केली, कापली. किती वर्षांनी मायक्रोटोमला हात लावत होत्या, पण फीत अशी आली की शेजारच्या विभागातली दोन मुले येऊन उभी राहिली. बाईंनी त्यांना "श्वास तिकडं सोडा" असे बजावले. संध्याकाळी काच यंत्रात गेली. आलेख उमटला. लहान टेकडी आपल्या जागी उभी होती, आणि खाली संगणकाचा निर्णय होता : कर्करोग.

"दुपारी चांगली होती बिचारी," बाई म्हणाल्या.

कौमुदी उठली आणि बाहेर गेली. परतली तेव्हा तिचा चेहरा धुतलेला होता. पाणी आले ते या डोळ्यांत. कोणाच्या डोळ्यांत आले, एवढेही सबनीसांना नीट कळलेले नाही. बाईंनी तिला पिशवीतला पेरू दिला. तिने तो उभ्यानेच खाल्ला आणि हात पुसत नवीन वही उघडली.

पुढचे सहा महिने मी त्या प्रयोगशाळेत अनेकदा गेलो. काम नव्हते, पण करमणूक होती. कोणत्या ब्लॉकमध्ये कोणते मेण, याची नोंद कुठेच नव्हती. बाई नख लावून निवाडा करीत. साध्या मेणावर नखाचा चरा पांढरा, भुकटीसारखा उठतो. मिश्र मेणावर तो ओलसर दिसतो आणि कडा वळते. त्या ब्लॉकच्या दोन राशी करीत आणि कौमुदी प्रत्येक ब्लॉकच्या मोकळ्या कोपऱ्यातले, पेशी नसलेले मेण यंत्राखाली धरून त्यांची परीक्षा घेई. क्वचित बाई चुकत. चुकल्या की त्या यंत्राला नाव ठेवीत, आणि दोन वेळा यंत्राची काच खरोखरच अस्वच्छ निघाली. मग दिवसभर त्यांच्याशी बोलणे अवघड होई.

शिवाय त्यांनी गाठीविना नुसत्या मेणाचे ब्लॉक घडवून दिले. एक साध्याचा, बाकीचे कमी-अधिक मिश्रणाचे. आता कौमुदी एक मेण वजा करीत नव्हती, दोन्ही करीत होती. दोन्ही गटांत दोन्ही मेणांचे नमुने असतील, याचीही काळजी घेतली जाई. ती लहान टेकडी सपाट झाली. संगणकाची हुशारी उतरली. पण दोन टेकड्यांमधल्या एका दरीत, जिकडे आधी कोणी पाहिलेच नव्हते, एक बारीकसा फरक उरला. तो मेणाचा नव्हता. कौमुदीने तो बाईंना दाखवला.

"एवढासाच?"

"एवढासाच, ताई. पण हा गाठीचा आहे."

"मग पुरे," बाई म्हणाल्या. "बारीक हाय तर नीट बघायला शिकवा त्याला."

सुरगाण्याचे शिबिर तिने पुढे ढकलले. माझ्या मते तिच्या साऱ्या संशोधनातला तो सर्वांत मोठा निष्कर्ष होता.

आता सबनीसांचे उरलेले असत्य. बाईंनी 'विनयाने श्रेय नाकारले', असे ते म्हणतात. वास्तविक बाईंचे नाव शोधनिबंधात येणार अशी नुसती कुणकुण लागल्यावर खुद्द सबनीसांनीच मला फोन केला होता. "अहो, मेण वितळवणाऱ्या बाईंचं नाव? उद्या चहावाल्याचंही घालाल." मी त्यांना काय उत्तर दिले ते स्मरणिकेत छापण्याजोगे नाही.

अडचण निराळीच होती. कौमुदीने बाईंच्या भल्यासाठी म्हणून मसुद्यात लिहिले होते : 'काही प्रयोगशाळांत पॅराफिनमध्ये अन्य मेण मिसळण्याची पद्धत असल्याचे आढळले.' आणि वर, लेखकांच्या नावांत, बाईंचे नाव नव्हते. तिने आम्हा दोघांना बोलावून ते वाचून दाखवले, मराठीत सांगत सांगत. बाईंनी चष्मा काढला.

"काही प्रयोगशाळांत? कोणच्या?"

"ताई, तुमच्यावर बोट नको म्हणून..."

"चोरी हाय का ही? मी घातलं. का घातलं ते मला माहीत हाय. सांगितलंबी मीच. आन आता माझंच नाव पुसून 'आढळलं'? कुणाला आढळलं? झाडाखाली पडलं होतं का?"

"लोक दोष देतील तुम्हाला."

"देऊ द्या. ज्याला द्यायचा त्याला माझा नंबर द्या. मी त्याला दोन्ही मेणात कापून दाखवते, मग बोल म्हणावं." त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. "नाव घाला. नाव नसलं तर ह्यात लिहिलेलं खरं हाय का नाय, हे कोणाला विचारायचं लोकांनी?"

कौमुदीने तिथल्या तिथे लेखकांत बाईंचे नाव घातले, ते वाक्य खोडले आणि नवे लिहिले. बाईंचे पूर्ण नाव, काय मिसळले, किती आणि कशासाठी. बाईंनी इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवत आपले नाव दोनदा तपासले. समाधान झाल्यावर माझ्याकडे पाहिले.

"सरांचंबी घाला. लॅब त्यांची होती."

मी किंचित ताठ झालो, हे लपवण्यात अर्थ नाही. कौमुदीने विचारले, "सरांबद्दल काय लिहू, ताई?"

बाईंनी क्षणभर विचार केला. त्यात खोडसाळपणा नव्हता. काप काचेवर घेताना असे, तेवढेच लक्ष होते.

"सरांना ह्यातलं काही माहीत नव्हतं, असं लिहा. खरं तेच हाय."

मळ्यात शेवंतीची तोडणी चालू होती, त्यामुळे त्या थांबल्या नाहीत. पिशवी उचलून निघाल्या. कौमुदीने ते वाक्य लिहिले, पेन कागदावर तसेच ठेवले आणि माझ्याकडे पाहू लागली. मी खिडकीशी गेलो. खाली बाई मोपेडला किक मारत होत्या. पहिल्या किकेला ती सुरू झाली नाही. त्यांनी सीटवर एक थाप दिली, पुन्हा किक मारली, आणि फाटकातून बाहेर पडताना समोरून आलेल्या रिक्षावाल्याला हात दाखवून थांबवले व आधी स्वतः गेल्या. त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत.

"सर," कौमुदीने विचारले, "हे वाक्य ठेवू?"

"ठेव," मी म्हणालो. "आणि माझे नाव पूर्ण लिही."